वेलांटी कापणारा तक्ता

पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे या डोंगरी तालुक्यांची ओळख प्राथमिक शाळेतील मुलांना करून देणारा संगणकीय पाठ तयार करावयाचा झाला, तर त्यात एक तरी तक्ता येणारच. किल्ल्याचे नाव, प्रकार आणि तालुका. धरण आणि ते ज्या नदीवर बांधले ती नदी. गावाच्या चार दिशांना काय काय आहे, ही माहिती परिच्छेदात सांगितली तर मुले कंटाळतात, रकान्यांत मांडली तर चटकन ध्यानात राहते. भाटघर धरण वेळवंडी नदीवर, नीरा देवघर नीरेवर, पानशेत आंबी नदीवर. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे तिन्ही गिरिदुर्ग. एवढा मजकूर सात-आठ रांगांत सहज मावतो.

हा तक्ता पडद्याच्या मर्यादेत बसवण्यासाठी पाठ रचणारा रांगांची उंची थोडी कमी करतो आणि तिथेच घात होतो. रांग आखूड पडून अक्षरांचा माथा शिरोरेषेपर्यंत कापला गेला, तर 'भोर'चा 'भार' होतो, 'नीरा'ची 'नारा' होते आणि 'आंबी' नदीचे चक्क 'आबा' होतात. कापणी खालून झाली तर १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर पुण्यात आलेला 'पूर' नुसता 'पर' उरतो. 'दुर्ग' हा शब्द तर दोन्हीकडून उघडा. वरून कापला की 'दुग', खालून कापला की 'दर्ग'. दिशांच्या रकान्यातील 'पूर्व'चीही तीच गत.

प्रत्यक्षात कापणी नेहमीच इतकी स्वच्छ नसते. बहुधा आधी जातो तो सर्वांत वर बसणारा अनुस्वार आणि रफाराचे टोक; मग वेलांटीचा वळसा पुसट होतो. मोठ्या माणसाला हे जाणवतही नाही, कारण तो शब्द अक्षरशः वाचत नाही, ओळखतो. मात्र नुकताच वाचायला शिकलेला मुलगा एकेक चिन्ह लावून वाचत असतो. पडद्यावर जे दिसते ते त्याच्या दृष्टीने छापील, म्हणजे बरोबरच. त्यामुळे इंग्रजी पाठात केवळ दिसण्यापुरता असणारा हा दोष मराठी पाठात शुद्धलेखनाचा दोष होऊन बसतो.

देवनागरीचे तीन मजले

रोमन लिपीतही अक्षरे वर-खाली जातात, पण तेथे 'बी' किंवा 'पी' या अक्षरांच्या दांड्यांपलीकडे फारसे काही नसते. इंग्रजी मजकुरासाठी अक्षराच्या आकाराच्या साधारण १.२ पट उंची धरण्याचा प्रघात पडला, तो त्यामुळेच. देवनागरीचे अक्षर तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर आणि त्याची शिरोरेषा. वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि 'ट्रॅक्टर'मधला अर्धचंद्र. तळमजल्यावर उकार, ऋकार, पायमोडके अक्षर आणि एकाखाली एक रचलेली जोडाक्षरे. 'विद्यार्थ्यांनी' या शब्दात रफार आणि अनुस्वार एकाच अक्षराच्या माथ्यावर दाटीवाटीने बसतात. 'पूर्व' लिहिताना तळ आणि माथा दोन्ही लागतात.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. खिळ्यांच्या छपाईतही रफार आणि वेलांट्या तुटत, झिजत. देखण्या देवनागरी टंकासाठी नावाजलेल्या मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या काळापासून या वरच्या मजल्याची व्यवस्था लावणे हे मराठी मुद्रकांपुढचे मोठे काम होते. फरक एवढाच की, तेव्हा तुटलेली मात्रा मुद्रितशोधकाच्या नजरेस पडे. आज पाठ रचणाऱ्याच्या पडद्यावर ती शाबूत दिसते आणि मुलाच्या मोबाइलवर कापलेली. असे का व्हावे, याचे उत्तर सॉफ्टवेअर रांगेची उंची कशी ठरवते यात आहे.

'किमान' आणि 'नेमकी'

ई-लर्निंगचे पाठ रचण्याच्या साधनांची ढोबळमानाने दोन कुळे आहेत. पहिले स्लाइडचे. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारखी सॉफ्टवेअर या कुळातली; त्यांची घडण पॉवरपॉइंटच्या धाटणीची आहे. दुसरे कुळ वेबपानाचे. न्यूझीलंडमध्ये सुरू झालेले ई-एक्सई लर्निंग, नॉर्वेतून आलेले एच-५-पी आणि २००२ पासून जगभर वापरात असलेले मूडल यांत तक्ता हा एचटीएमएलचा, म्हणजे ब्राउझर वाचतो त्या भाषेचा असतो.

वेबपानाच्या तक्त्यात रांगेला दिलेली उंची ही 'किमान' उंची असते. मजकूर अधिक असेल तर ब्राउझर रांग आपोआप वाढवतो. तेथे अक्षर कापले जात असेल, तर दोष तक्त्याचा नसून त्याच्या चौकटीत कोणी ठरावीक उंचीचा डबा बसवून 'बाहेर येईल ते लपव' अशी आज्ञा दिलेली असते. दुसरी शक्यता म्हणजे ओळींमधील अंतर अक्षराच्या आकाराएवढेच ठेवलेले असते. मग एकाच चौकटीतील वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात आणि वाचणाऱ्याला दोन्ही उलगडत नाहीत.

वर्डमध्ये हाच भेद उघडपणे समोर येतो. रांगेच्या उंचीसाठी तेथे दोन पर्याय आहेत, 'किमान' आणि 'नेमकी'. 'नेमकी' निवडले की रांग हलत नाही. मजकूर मावला नाही तर तो कापला जातो. अनेक पाठांचा कच्चा मसुदा वर्डमध्येच होतो, म्हणून हा पर्याय तेथेच तपासून घेणे शहाणपणाचे. एक्सेलमध्ये रांगेच्या कडेवर दोनदा क्लिक केले की ती मजकुराप्रमाणे उंच होते, पण चौकटी एकत्र जोडलेल्या असतील तर ही सोय चालत नाही. ज्या तक्त्याचा मथळा अनेक रकान्यांवर पसरवलेला आहे, त्याचाच माथा नेमका कापलेला का दिसतो, याचे कोडे येथे सुटते.

स्लाइडच्या कुळात बहुतेकांची तक्रार उलट असते: रांग आखूड होतच नाही. कड धरून कितीही वर ओढली तरी ती परत खाली येते. यात सॉफ्टवेअरचा हट्ट नाही, हिशेब आहे. पॉवरपॉइंटमध्ये नवा तक्ता घातला की त्यातील अक्षर १८ पॉइंटचे असते आणि प्रत्येक चौकटीत वर व खाली ०.०५ इंच मार्जिन असते. पॉइंट म्हणजे इंचाचा ७२ वा भाग. अक्षराची १.२ पट उंची आणि दोन्ही मार्जिने मिळवली की बेरीज सुमारे ०.४ इंच होते. त्याखाली रांग जाणार नाही.

मेख अशी की, रिकामी चौकटही हाच हिशेब मांडते. समजा, किल्ल्यांच्या तक्त्यात दोन रकान्यांतील मजकूर १२ पॉइंटचा केला, पण शेवटचा 'शेरा' रकाना रिकामा म्हणून तसाच सोडला. त्या रिकाम्या चौकटीत न दिसणारे १८ पॉइंटचे अक्षर दबा धरून बसलेले असते आणि तेच संपूर्ण रांगेची उंची ठरवते. त्यावर उपाय म्हणजे सबंध रांग, रिकाम्या चौकटींसह, निवडावी आणि अक्षराचा आकार एकदमच बदलावा. तरीही रांग बधत नसेल तर एखाद्या चौकटीत मजकुरानंतर चुकून एंटर दाबले गेले आहे का ते पाहावे. ती एक मोकळी ओळसुद्धा मोजली जाते. शेजारच्या चौकटीतील लांब नाव दोन ओळींत मोडले असेल तर उंचीशी झगडण्यापेक्षा तो रकाना थोडा रुंद करणे सोपे. मार्जिनला हात घालावा तो सर्वांत शेवटी. देवनागरीत वरच्या मजल्याला श्वास घ्यायला जागा मिळते ती त्या मार्जिनमधूनच.

फॉन्ट बदलला की माप बदलते

इथवर सारे जमले तरी एक धोका उरतो. रांगेचे माप पाठ रचणाऱ्याच्या संगणकावरील फॉन्टने ठरते आणि पाठ वाचला जातो दुसऱ्याच यंत्रावर. विंडोजवर वर्षानुवर्षे मराठी मजकूर दिसत आला तो 'मंगल' या फॉन्टमध्ये. अक्षरकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा फॉन्ट वर-खाली ऐसपैस जागा घेतो. विंडोज ८ बरोबर 'निर्मला' आला. अँड्रॉइड मोबाइलवर बहुधा 'नोटो' कुळातील देवनागरी दिसते. या सर्वांत १४ पॉइंटचे अक्षर म्हटले तरी मात्रेची उंची आणि उकाराची खोली सारखी नसते. पाठासोबत फॉन्ट गेला नाही तर मोबाइल आपल्याजवळचा फॉन्ट लावतो आणि पुण्यातील कार्यालयात नेमकी बसलेली रांग तिकडे आखूड पडते. त्यात कोणी डोळ्यांच्या सोयीसाठी मोबाइलवरील अक्षर मोठे करून ठेवले असेल तर पाहायलाच नको.

म्हणून मराठी पाठासाठी हिशेब थोडा सैल ठेवावा. अक्षराच्या १.२ पट नव्हे, तर किमान दीडपट उंची धरावी. १४ पॉइंटच्या अक्षराला २१ पॉइंट आणि वर-खाली प्रत्येकी ४ पॉइंट मार्जिन, म्हणजे २९ पॉइंटची रांग. दिसायला ती जरा मोकळी वाटते खरी. त्यामुळे एका स्लाइडवर आठ रांगा मावत नसतील तर तक्त्याचे दोन तक्ते करावेत. किल्ले एका स्लाइडवर, धरणे दुसऱ्या. अक्षर बारीक करून सगळे एकाच पडद्यावर कोंबण्याचा मोह मराठी पाठांत फार दिसतो आणि त्याची किंमत मागच्या बाकावरच्या मुलाला मोजावी लागते.

तपासणीचे शब्दही जाणीवपूर्वक निवडायला हवेत. 'राजगड' किंवा 'भाटघर' लिहून रांग तपासली तर सारे आलबेल दिसेल, कारण या दोन्ही शब्दांत शिरोरेषेच्या वर किंवा अक्षराच्या पायाशी एकही चिन्ह नाही. तपासावे ते 'वेळवंडी', 'गिरिदुर्ग', 'पूर्व', 'हृदय', 'विद्यार्थ्यांनी' यांसारख्या शब्दांनी, तेही पाठ प्रसिद्ध करून, एखाद्या साध्या मोबाइलवर उघडून. रचनेच्या पडद्यावरील पूर्वदृश्य याबाबत भरवशाचे नसते.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५५ हजारांहूनही कमी, जिल्ह्यातील सर्व तालुक्यांत सर्वांत थोडी होती. वस्ती विरळ, वाड्या दूरदूर आणि मोबाइलची रेंज डोंगराआड जाणारी. अशा ठिकाणी ऑनलाइन पाठ रोज नव्याने उघडला जाईल असे गृहीत धरता येत नाही. तो एकदा उतरवून घेतला की तसाच वापरात राहतो. शहरातून नंतर पाठवलेली दुरुस्ती तेथवर पोहोचेलच असे नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर समोर शिक्षकही नव्हते. पडद्यावरचे 'नारा' हे 'नीरा' आहे, असे सांगणारे कोणी नव्हते.

चित्राचा आडमार्ग

या साऱ्या कटकटीला कंटाळून अनेकजण तक्त्याचे चित्र काढून तेच पाठात चिकटवतात. चित्रात ना रांग हलते, ना मात्रा कापली जाते. तरीही हा मार्ग महागात पडतो. दृष्टिहीन विद्यार्थ्याला पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चित्रातील अक्षरे तक्ता म्हणून वाचू शकत नाही. छोट्या मोबाइलवर चित्र मोठे केले की अक्षरे धूसर होतात. शिवाय दुरुस्ती करायची तर मूळ फाइल शोधण्यापासून सुरुवात.

या तालुक्यांपुरते पाहिले तर दुरुस्तीची वेळ आलेलीच आहे. शासनाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड असे केले. जुन्या पाठांतील 'तालुका' या रकान्यात त्यामुळे बदल करावा लागतो. तक्ता मजकुराचा असेल तर 'वेल्हे' शब्द शोधून काही मिनिटांत काम होते. चित्राचा असेल तर एकेक चित्र पुन्हा काढावे लागते. अर्थात शोध घेऊन सरसकट बदल करण्यातही फसगत आहे. नाव बदलले ते तालुक्याचे. वेल्हे हे गाव आपल्या नावानिशी जागेवरच आहे. 'गाव' रकान्यातील 'वेल्हे' तसेच ठेवायचे आणि 'तालुका' रकान्यात 'राजगड' लिहायचे, हा निवाडा माणसानेच प्रत्येक चौकट पाहून करायचा. आणि तो करताना नव्या 'राजगड'ला रांग पुरते म्हणून ती आणखी आखडून घेऊ नये, कारण शेजारच्याच चौकटीत 'वेल्हे' आपल्या दोन मात्रांसह बसलेले असते.