पेट्रोल, ऑइल आणि ॲव्हरेज: पैसे कुठं घालायचे, कुठं नाही



हुमणी आणि पाण्याच्या प्रश्नांबरोबर हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, गाडीचं ॲव्हरेज पडलंय, इथेनॉलमुळंच ना? महागातलं पेट्रोल टाकू का? ऑइल जाड टाकू का?" मी शेतीची पदविकाधारक, मेकॅनिक नाही. पण बारामती-इंदापूरचा ऊस गाळणाऱ्या कारखान्यांच्या डिस्टिलरीतूनच इथेनॉल पेट्रोल कंपन्यांकडं जातं, त्यामुळं हा विषय आपल्या बांधापासून लांबचा नाही. आपल्याच उसाचं आहे म्हणून झाकून ठेवणार नाही. ॲव्हरेज कमी होतं, पण किती ते नीट समजून घ्या.

पंपावरचं साधं पेट्रोल आता ई-20 आहे, म्हणजे 100 लिटरमध्ये 20 लिटर इथेनॉल. खताच्या भाषेत सांगते. युरियाच्या 100 किलोत 46 किलो नत्र असतं, अमोनियम सल्फेटच्या 100 किलोत साडेवीस. वजन तेवढंच, आतला माल वेगळा. इथेनॉलचंही तसंच. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी असते. पाचव्या हिश्श्यात एवढी घट, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत एकूण घट सहा-सात टक्के. त्यात ई-20 च्या आधीही आपण 10 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल भरतच होतो. त्यामुळं 10 वरून 20 वर जाताना हिशेबानं फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो.

निती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातही असेच आकडे आहेत. ई-20 साठी न बनवलेल्या दुचाकींना 3 ते 4 टक्के, तशाच चारचाकींना 6 ते 7 टक्के, आणि ई-20 साठी जुळवलेल्या चारचाकींना 1 ते 2 टक्के घट.

म्हणजे 55 देणारी मोटारसायकल 53 वर आली तर ते इथेनॉलचं मानता येईल. 55 ची 42 झाली असेल तर इथेनॉलला शिव्या देऊन उपयोग नाही, दोष गाडीत आहे आणि रोज पैसे खातोय.

आता महागातलं पेट्रोल. ऑक्टेन जास्त म्हणजे ताकद जास्त, हा गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे इंजिनात दाब वाढल्यावर पेट्रोलनं आपोआप पेट न घेण्याची क्षमता. जास्त दाबाच्या इंजिनांना ती लागते. आपल्या 100-125 सीसीच्या गाडीला लागत नाही. माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं असताना आणखी पोटॅश टाकून उतारा वाढतो का? तसंच हे. शिवाय इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन जास्त असतं, त्यामुळं पूर्वीच्या 91 च्या जागी ई-20 चं ऑक्टेन 95 आहे. राहिलं 100 ऑक्टेनचं. त्यात इथेनॉल अजिबात नाही असं धरलं तरी वाचणार फार तर सहा-सात टक्के, आणि भाव साध्याच्या जवळपास दीडपट. हिशेब तुम्हीच करा. गाडीच्या पुस्तकातच जास्त ऑक्टेन लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

ऑइलमध्ये मात्र आपल्याकडं खरंच घोळ होतो. डब्यावर 10डब्ल्यू-30, 20डब्ल्यू-40 असं असतं. पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू होताना ऑइल किती सहज वाहतं त्याचा, लहान तेवढं चांगलं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर ऑइल किती जाड राहतं त्याचा. "उन्हाळा आहे, जाड टाका" असा सल्ला दुकानात मिळतो. पण कंपनीनं 10डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-40 घातलं की प्रत्येक फेऱ्याला इंजिनाला ते जाड ऑइल ढवळावं लागतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानुसार योग्य ग्रेडच्या ऑइलनं ॲव्हरेजमध्ये 1 ते 2 टक्के फरक पडतो. उलट बाजूही आहे. ॲव्हरेजच्या हव्यासानं सांगितलंय त्यापेक्षा पातळ ऑइल घालू नका, इंजिन झिजेल.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कारचं उरलेलं ऑइल मोटारसायकलला घालणं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यानं क्लच घसरतो. इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही, पेट्रोल जातं. मागं दुधाचे कॅन असतील तर लगेच जाणवतं. मोटारसायकलसाठी डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए2' बघा. 'एमबी' हे गिअर नसलेल्या स्कूटरचं.

ऑइलची पातळी गाडी सपाट जागी सरळ उभी करून बघा. जास्त भरलं तर फेस होतो आणि इंजिन जड चालतं, कमी पडलं तर इंजिन जाम. डिझेल इंजिनात ऑइल लवकर काळं होतं, नुसत्या रंगावरून बदलू नका, तास किंवा किलोमीटर बघा.

ट्रॅक्टरवाल्यांनी इथेनॉलचा विचारच करू नये, पंपावरच्या डिझेलमध्ये ते नसतं. ट्रॅक्टर जास्त खात असेल आणि काळा धूर असेल तर आधी एअर क्लीनर उघडा. ऊस वाहतुकीच्या धुळीत ऑइल बाथची वाटी चिखलानं भरते आणि महिनोन् महिने कुणी बघत नाही.

दुचाकीचंही तसंच. एअर फिल्टर, चाकातली हवा, घासणारा ब्रेक, कोरडी चेन. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. डबल स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवा, लगेच थांबलं तर ब्रेक घासतोय. माझ्या गाडीचं ॲव्हरेज ह्यातूनच परत आलं, पेट्रोल बदलून नाही.

इथेनॉलची खरी काळजी पाण्याची. ते ओलावा ओढतं. टाकीत पावसाचं पाणी गेलं तर इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसतं आणि गाडी झटके देते. झाकणाचं रबर बघा. पेट्रोलवरचे फवारणी पंप, ब्रश कटर हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, उरलेलं पेट्रोल इंजिन बंद पडेपर्यंत जाळून ठेवा. टू-स्ट्रोकचं ऑइल मिसळलेलं पेट्रोल लागेल तेवढंच करा, पुढच्या हंगामासाठी कॅनमध्ये ठेवू नका. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच ऑगस्ट 2025 मध्ये सांगितलंय. टाकीखालची नळी तडकली किंवा ओलसर दिसली तर लगेच बदला, तिथं आगीचा धोका आहे.

आणि ॲव्हरेज मोजायची पद्धत. काट्यावर जाऊ नका. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, निदान 200 किलोमीटर नेहमीसारखी चालवा, त्याच पंपावर परत फुल करा. झालेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर. असं लागोपाठ तीनदा करा, कारण एकदा इंदापूरला रिकामी आणि एकदा भिगवणला डबलसीट गेलात तर आकडा बदलणारच.

तीन वेळचे आकडे, गाडीचं मॉडेल, साल आणि ऑइलच्या डब्याचा फोटो ह्याच नंबरवर पाठवा. टाईप करायचा कंटाळा असेल तर व्हॉइस मेसेज चालेल. पुढचा मेसेज उसातल्या पाचट कुट्टीचा.