अहवाल-रचना साधने (परवाना व प्रतिष्ठापना)

अहवाल-रचना साधने ही डेटाबेसमधील, म्हणजेच विदागारातील, माहिती निवडून, गटवार मांडून छापील पानाच्या किंवा पीडीएफ फाइलच्या रूपात सादर करणारी संगणकीय साधने आहेत. महाविद्यालयाची गुणपत्रिका, वीजदेयक, पतसंस्थेचा खातेउतारा, सातबारा उतारा हे सर्व डेटाबेसवरून तयार होणारे अहवालच होत. साधन निवडताना त्याची किंमत, परवान्याच्या अटी आणि प्रतिष्ठापनेची, म्हणजे इन्स्टॉल करण्याची, पद्धत या तीन गोष्टी विकासकाला एकत्रितपणे पाहाव्या लागतात. मराठी अहवालांच्या बाबतीत देवनागरी लिपीचे शुद्ध मुद्रण हा चौथा निकष ठरतो.

स्वरूप

अशा साधनाचे साधारणपणे तीन भाग असतात. पहिला भाग रचनाकार अर्थात डिझायनर. यात विकासक पानावर शीर्षक, रकाने, बेरजा आणि चित्रे यांच्या जागा ठरवतो. दुसरा भाग इंजिन. हे इंजिन रचनेची फाइल वाचते, डेटाबेसकडून नोंदी मागवते आणि पाने भरते. तिसरा भाग सर्व्हर. तो अहवाल ठरावीक वेळी तयार करतो आणि कोणाला कोणता अहवाल पाहता येईल हे ठरवतो. लहान कार्यालयात पहिले दोन भाग पुरेसे होतात.

बहुतेक साधनांत पानाचे आडवे पट्टे कल्पिलेले असतात. अहवालशीर्षक, पानशीर्षक, गटशीर्षक, तपशील, गटाची बेरीज आणि पानाचा तळ असा त्यांचा क्रम असतो. उदाहरणार्थ, सोलापूर जिल्ह्यातील खातेदारांची यादी काढायची असल्यास तालुका हा पहिला गट आणि गाव हा दुसरा गट होतो. प्रत्येक खातेदाराची ओळ तपशीलपट्ट्यात येते. केवळ दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग या गावाची यादी हवी असल्यास गावाचे नाव प्राचल म्हणून, म्हणजे पॅरामीटर म्हणून, दिले जाते. त्यामुळे प्रत्येक गावासाठी वेगळी रचना करावी लागत नाही.

इतिहास

अहवाल तयार करण्यासाठी वेगळी भाषा असावी ही कल्पना जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५९ मध्ये १४०१ या संगणकासाठी आरपीजी ही भाषा आणली. तिच्या नावाचा अर्थच ‘अहवाल-आज्ञावली निर्माता’ असा होतो. वैयक्तिक संगणकांच्या काळात क्रिस्टल रिपोर्ट्स हे साधन प्रसिद्ध झाले. त्याचा उगम १९८४ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरला जोड म्हणून झाला. १९९३ मध्ये व्हिज्युअल बेसिकच्या तिसऱ्या आवृत्तीसोबत ते मिळू लागले आणि जगभरातील विकासकांच्या हाती पोहोचले. १९९४ मध्ये त्याची मालकी सीगेट कंपनीकडे, २००३ मध्ये बिझनेस ऑब्जेक्ट्सकडे आणि त्यानंतर सॅप या जर्मन कंपनीकडे गेली.

मुक्त स्रोत क्षेत्रात तेओदोर दांचू यांनी २००१ मध्ये जॅस्पररिपोर्ट्सची सुरुवात केली. एक्लिप्स फाउंडेशनच्या बर्ट या प्रकल्पाचा आरंभ २००४ मध्ये अ‍ॅक्च्युएट कंपनीच्या पुढाकाराने झाला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हर २००० साठी पूरक म्हणून रिपोर्टिंग सर्व्हिसेस उपलब्ध करून दिली.

परवान्याचे प्रकार

सॉफ्टवेअर विकत घेणे म्हणजे बहुधा त्याची मालकी मिळणे नव्हे, तर ते विशिष्ट अटींवर वापरण्याची परवानगी मिळणे होय. अहवाल-साधनांच्या बाबतीत पुढील प्रकार आढळतात.

विकासकनिहाय परवाना : रचनाकार वापरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी शुल्क आकारले जाते. तयार झालेला अहवाल पाहणाऱ्यांसाठी वेगळे शुल्क नसल्यास त्यास स्वामित्वशुल्करहित वितरण म्हणतात. ही सवलत डेस्कटॉपवरील वापरापुरती आहे की सर्व्हरलाही लागू आहे, हे करारात पाहावे लागते.

सर्व्हर किंवा कोरनिहाय परवाना : संगणकाच्या प्रोसेसरमधील कोरच्या संख्येवर शुल्क ठरते. एसक्यूएल सर्व्हरच्या कोर परवान्यात प्रत्येक प्रोसेसरमागे किमान ४ कोरचे परवाने घ्यावे लागतात. रिपोर्टिंग सर्व्हिसेस डेटाबेसपेक्षा वेगळ्या संगणकावर बसवल्यास त्या संगणकासाठीही एसक्यूएल सर्व्हरचा परवाना लागतो.

विकास आवृत्ती : ही शिकण्यासाठी आणि चाचणीसाठी असते. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून विनामूल्य आहे. मात्र प्रत्यक्ष कामकाजासाठी ती वापरता येत नाही. विनामूल्य एक्सप्रेस आवृत्ती कामकाजासाठी चालते, परंतु तिच्यात प्रत्येक डेटाबेसचा आकार मर्यादित ठेवलेला असतो.

मुक्त स्रोत परवाने : यांत शुल्क नसले तरी अटी असतात. जॅस्पररिपोर्ट्स ग्रंथालयाचा परवाना एलजीपीएल आहे. ते बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये वापरता येते. परंतु ग्रंथालयातच बदल करून ते वितरित केल्यास बदललेला स्रोत त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. बर्टचा परवाना एक्लिप्स पब्लिक लायसन्स हा आहे. एजीपीएल हा याहून कडक परवाना असून, बदललेले सॉफ्टवेअर केवळ जाळ्यावरून वापरू दिले तरी वापरकर्त्यांना स्रोत उपलब्ध करून द्यावा लागतो.

परवान्यांची साखळी

अहवाल-साधन एकटे काम करत नाही. त्याला डेटाबेसशी जोडणारा चालक, पीडीएफ लिहिणारे ग्रंथालय आणि अक्षरांचे फाँट लागतात. या प्रत्येकाचा परवाना वेगळा असतो. मुख्य साधन विनामूल्य असल्याने सर्व काही मोकळे आहे, हा समज चुकीचा ठरू शकतो.

पीडीएफ लिहिणारे आयटेक्स्ट हे ग्रंथालय याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. त्याच्या जुन्या आवृत्त्या एमपीएल आणि एलजीपीएल या सैल परवान्यांखाली होत्या. २००९ च्या अखेरीस आलेली पाचवी आवृत्ती एजीपीएलखाली प्रसिद्ध झाली. बंदिस्त सॉफ्टवेअर विकणाऱ्यांपुढे व्यावसायिक परवाना घेणे किंवा जुन्या आवृत्तीवर थांबणे असे दोन पर्याय उरले. जॅस्पररिपोर्ट्सने दीर्घकाळ २.१.७ या जुन्या आवृत्तीवरच काम केले. त्या आवृत्तीत भारतीय लिप्यांची जोडाक्षरे जुळवण्याची सोय नव्हती. आयटेक्स्टच्या सातव्या आवृत्तीसोबत ही सोय आली, परंतु ती व्यावसायिक पूरक घटकाच्या रूपात. अशा रीतीने परवान्यातील बदलाचा परिणाम थेट मराठी अक्षरांच्या मुद्रणावर झाला.

डेटाबेस चालकांतही असाच भेद आहे. पोस्टग्रेएसक्यूएलचा जावा चालक बीएसडी या सैल परवान्याखाली आहे, मायएसक्यूएलचा चालक जीपीएलखाली आहे, तर मारियाडीबीचा चालक एलजीपीएलखाली मिळतो.

फाँटचा परवानाही दुर्लक्षिला जातो. विंडोजमधील मंगल हा फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला असून तो विंडोजच्या परवान्याचा भाग म्हणून मिळतो. त्याची फाइल उचलून लिनक्स सर्व्हरवर ठेवण्याची मुभा त्या परवान्यात गृहीत धरता येत नाही. त्याऐवजी लोहित देवनागरी, नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा मुक्ता हे ओपन फाँट लायसन्सखालील फाँट वापरता येतात आणि अहवालासोबत वितरितही करता येतात.

कायदेशीर बाजू

भारतात स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार संगणकीय आज्ञावलींना साहित्यकृतीप्रमाणे संरक्षण आहे. कलम ५२ अन्वये आज्ञावलीची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्यास सुरक्षिततेसाठी राखीव प्रत करता येते. कलम ६३-ब अन्वये हक्कभंग करणारी प्रत जाणीवपूर्वक वापरल्यास किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५०,००० ते २,००,००० रुपये दंडाची तरतूद आहे. असा वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायाच्या ओघात झालेला नसल्यास न्यायालय कारावास न देता ५०,००० रुपयांपर्यंतचा दंड करू शकते. शासकीय प्रकल्पांत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये जाहीर केले.

प्रतिष्ठापना

प्रतिष्ठापनेचे टप्पे साधनानुसार बदलतात; तथापि पुढील क्रम बहुतेक ठिकाणी लागू पडतो.

१. पूर्वतयारी : बर्ट आणि जॅस्परसॉफ्ट स्टुडिओ ही एक्लिप्सवर आधारलेली साधने जावावर चालतात. त्यामुळे साधनाच्या आवृत्तीला जावाची कोणती आवृत्ती चालते हे प्रथम पाहावे लागते.

२. बिटसंख्येचा मेळ : ३२ बिटी साधनाला ६४ बिटी चालक दिसत नाही. ६४ बिटी विंडोजमध्ये ओडीबीसी जोडण्यांची दोन स्वतंत्र व्यवस्थापन-साधने असतात. गोंधळाची बाब अशी की ६४ बिटी साधन ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये, तर ३२ बिटी साधन ‘सिसवाव६४’ या फोल्डरमध्ये असते. जोडणी एका साधनात नोंदवली आणि अहवाल दुसऱ्या प्रकारचा असेल, तर जोडणी सापडत नसल्याचा संदेश येतो.

३. रचनाकार आणि रनटाइम : विकासकाच्या संगणकावर रचनाकार, तर वापरकर्त्याच्या संगणकावर केवळ रनटाइम बसवला जातो. व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारे क्रिस्टल रिपोर्ट्स २०१० च्या आवृत्तीपासून वेगळे उतरवून घ्यावे लागते. रचना ज्या आवृत्तीत केली, तिच्याशी जुळणारा रनटाइम नसल्यास अहवाल उघडत नाही.

४. सर्व्हर : रिपोर्टिंग सर्व्हिसेस २०१७ च्या आवृत्तीपासून स्वतंत्र प्रतिष्ठापकाद्वारे बसवली जाते. ती स्वतःचे दोन डेटाबेस निर्माण करते. साठवलेले पासवर्ड ज्या कूटकिल्लीने सुरक्षित केलेले असतात, तिची राखीव प्रत घेणे आवश्यक असते. ती नसल्यास सर्व्हर बदलताना सर्व जोडण्यांचे तपशील पुन्हा भरावे लागतात.

५. डेटाबेसमधील अधिकार : अहवालासाठी केवळ वाचनाचा अधिकार असलेले वेगळे खाते वापरावे. गावाचे नाव क्वेरीच्या मजकुरात चिकटवण्याऐवजी प्राचल म्हणून दिल्यास एसक्यूएल घुसखोरीचा धोका टळतो.

मराठी अहवालांतील प्रश्न

देवनागरीत अक्षरांचा साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम भिन्न असू शकतो. ‘दक्षिण’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी संगणकात ‘क्ष’ नंतर साठवली जाते, पण छापताना ती ‘क्ष’ च्या आधी यावी लागते. शिवाय ‘क’, हलन्त आणि ‘ष’ मिळून एक जोडाक्षर व्हावे लागते. आकार जुळवण्याची सोय नसलेल्या इंजिनात या शब्दाची मोडतोड होते. ‘वळसंग’ या नावात मात्र जोडाक्षर नाही आणि वेलांटीही नाही. त्यामुळे तेच नाव सदोष इंजिनातही बहुधा शुद्ध दिसते. म्हणूनच केवळ गावाचे नाव छापून केलेली चाचणी पुरेशी नसते. ‘दक्षिण सोलापूर’, ‘अक्कलकोट’ आणि ‘शेतकऱ्याचे’ असे शब्द चाचणीत असावे लागतात. ‘शेतकऱ्याचे’ यातील ‘ऱ्य’ हा अर्धा र मराठीचे वैशिष्ट्य असून अनेक फाँटमध्ये तो चुकतो.

जॅस्पररिपोर्ट्समध्ये यावर उपाय आहे. ठरावीक युनिकोड विभागांतील मजकूर जावाच्या स्वतःच्या अक्षरजुळणीद्वारे रेखाटण्याचे गुणधर्म-मूल्य त्यात देता येते. त्यात देवनागरीचा विभाग नोंदवला, फाँट पूरक संच म्हणून जोडला आणि तो पीडीएफमध्ये अंतर्भूत केला, की अक्षरे शुद्ध उमटतात.

दुसरा प्रश्न अनुक्रमाचा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हे अक्षर ‘ह’ नंतर येते; युनिकोडच्या तक्त्यात मात्र ते ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये आहे. केवळ संकेतांकांनुसार क्रम लावल्यास गावांची यादी मराठी शब्दकोशाच्या क्रमाने येत नाही. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाच्या भाषानिहाय क्रमवारीची सोय आहे.

तिसरा प्रश्न आकड्यांचा आहे. भारतीय पद्धतीत १,००,००० असे लिहिले जाते. जावाच्या मूळ संख्या-स्वरूपकात सर्व गट समान आकाराचे असल्याने तो १००,००० असे छापतो. यासाठीही आयसीयूचा आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्रातील उपयोग

महाराष्ट्रातील सर्वाधिक परिचित डेटाबेस-अहवाल म्हणजे सातबारा उतारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खालील गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) आणि गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) यांचा तो संयुक्त उतारा आहे. गाव नमुना आठ-अ मध्ये एका खातेदाराच्या त्या गावातील सर्व जमिनी एकत्र येतात. त्याच नोंदी सर्वेक्षण क्रमांकानुसार मांडल्या की सातबारा, खात्यानुसार मांडल्या की आठ-अ, अशी ही गटरचना आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने ई-फेरफार ही प्रणाली विकसित केली. डिजिटल स्वाक्षरीत सातबारा १ मे २०१८ पासून उपलब्ध झाला.

अशा उताऱ्यावर पीककर्ज, वारसनोंद आणि खरेदीखत अवलंबून असते. खातेदाराच्या नावातील एखादे जोडाक्षर तुटले, तर आधारपत्रावरील आणि उताऱ्यावरील नावांत फरक दिसतो आणि दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागतो. साधनाचा परवाना, त्यासोबतचे पीडीएफ ग्रंथालय आणि फाँट यांची निवड ही त्यामुळे केवळ तांत्रिक बाब राहत नाही.

हेही पहा

• डेटाबेस व्यवस्थापन प्रणाली
• मुक्त स्रोत सॉफ्टवेअर
• युनिकोड
• सातबारा उतारा
• दक्षिण सोलापूर तालुका