न्याहारीतून गेलेली डाळ

साबुदाण्याच्या खिचडीतली प्रथिनं मोजायला बसलं, की साबुदाणा पहिल्याच फेरीत बाद होतो. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात अर्धा ग्रॅमही प्रथिनं नसतात. खिचडीत जी सापडतात ती जवळपास सगळी दाण्याच्या कुटाची. कांदेपोह्यांची स्थिती जरा बरी. एका बशीला लागणाऱ्या साठेक ग्रॅम पोह्यांतून चार ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि वर मूठभर शेंगदाणे घातले तर आणखी पाच. म्हणजे इथेही बाजी दाण्यांचीच. बशीत चार-दोनच दाणे शोभेपुरते पडत असतील, तर सकाळच्या वाट्याला भूक भागवणारा पिठूळपणा तेवढा येतो.

पोहे काही काल-परवाचे नाहीत. पण रोजची सकाळ पोहे, उपमा आणि ब्रेडच्या हाती गेली ती शहरांत, नोकरीच्या वेळापत्रकाबरोबर. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या या बदलात मराठी न्याहारीतून नेमकं काय निसटलं आणि आता काय परत येतंय, हे पाहण्यासारखं आहे. अंडी किंवा मांस न खाणाऱ्या घरांसाठी तर जास्तच.

ही घडी बदलत होती तेव्हा जगभर प्रथिनांचीच ओरड चालू होती. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाबद्दल अहवाल काढला. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याआधीच तेल काढलेल्या शेंगदाण्याचं पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचं पीठ एक भाग असं ‘बहुउद्देशीय अन्न’ तयार केलं होतं. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुकडी हा पौष्टिक खाऊ वाटला गेला. त्या पिढीला मिलोच्या, म्हणजे आयात केलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरीइतकीच सुकडीची चव अजून आठवते.

या ओरडीवर पहिला खणखणीत आक्षेप घेणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे १९५१ पासून दोन दशकं रोममध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत, संख्याशास्त्र विभागाचं काम पाहत होते. भारतात खरी टंचाई प्रथिनांची नाही, पोटभर अन्नाची आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. माणसाला भाकरी-डाळ पोटभर मिळाली तर प्रथिनांची गरज बहुधा आपोआप भागते. अर्धपोटी शरीर मात्र मिळालेली प्रथिनंही नुसत्या उष्णतेसाठी खर्चून टाकतं. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या प्रथिन-मोहिमेलाच महाफजिती ठरवलं. सुखात्म्यांच्या इतर मांडणीवर पुढे बरेच वाद झडले. पण त्यांच्या या सूत्रात एक अट गृहीत होती, ती म्हणजे भाकरीबरोबर डाळ. पुढच्या तीस वर्षांत नेमकी तीच सुटत गेली.

ती सुटण्याआधी सकाळी काय खाल्लं जायचं? खानदेशात कळण्याची भाकरी: ज्वारी किंवा बाजरीबरोबर अख्खे उडीद दळून केलेली, सोबत ठेचा आणि तेल. कोकणात मऊ भातावर मेतकूट आणि तूप, नाहीतर कुळथाचं पिठलं. देशावर शिळी भाकरी, दही आणि दाण्याची किंवा कारळ्याची चटणी. गोव्यात पावाबरोबर पातळ भाजी किंवा अळसांद्यांचं टोणक. या पदार्थांच्या चवी एकमेकींपासून कोसभर लांब, पण बहुतेकांची घडण एकच: धान्य आणि कडधान्य एकत्र. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, कडधान्यांत मेथिओनिन. दोन्ही एका ताटलीत आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. हे रसायन कुणाला ठाऊक असायची गरज नव्हती. रीतच तशी पडून गेली होती.

त्या रितीचा सगळ्यात देखणा नमुना म्हणजे थालिपिठाची भाजणी. बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, मूग आणि शेवटी धणे-जिरे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण दाण्यांचा आकार वेगळा आणि भाजायला लागणारा वेळही. हरभऱ्याच्या डाळीला मंद आच आणि बराच धीर लागतो. उडदाचा खमंग वास सुटला की तो ताबडतोब उतरवायचा, नाहीतर कडवट होतो. सगळं गार झाल्यावर गिरणीत जरा रवाळ दळून आणायचं. एकदा हा खटाटोप केला की महिना-दीड महिना सकाळचा प्रश्न मिटतो: पिठात कांदा, तिखट, मीठ, कोथिंबीर, पाणी; तव्यावर थापायचं, मध्ये भोकं पाडून तेल सोडायचं. ऐंशी ग्रॅम भाजणीच्या थालिपिठातून दहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात, वाटीभर दही घेतलं तर तेरा. एका अंड्यात सुमारे सहा असतात.

मग असं असताना डाळ गेली कुठे? थोडी शेतातून गेली. हरितक्रांतीचं पाणी, खत, बियाणं आणि हमीची खरेदी गहू-तांदळाच्या वाट्याला आली. कडधान्यं कोरडवाहू जमिनीवर, पावसाच्या भरवशावर राहिली. लोकसंख्या वाढली, डाळ त्या वेगाने वाढली नाही. केंद्र सरकारच्या आर्थिक पाहणीतले आकडे बोलके आहेत. १९६१ मध्ये देशात दरडोई रोज ६९ ग्रॅम कडधान्य उपलब्ध होतं. २००१ मध्ये ते ३० ग्रॅमवर आलं.

थोडी घड्याळाने नेली. लोकल गाठायची, मुलांचे डबे भरायचे, त्यात भिजवणं-वाटणं-मोड आणणं कुठे बसणार? पोहे दहा मिनिटांत होतात. १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात आली, मुंबईजवळ तळोज्याला कारखाना निघाला आणि मक्याच्या पापुद्र्यांनी सकाळ आणखी सोपी करायचं आश्वासन दिलं. आपल्याकडे त्यावर सवयीने गरम दूध ओतलं गेलं आणि त्यांचा लगदा झाला. कंपनीला जम बसवायला बराच वेळ लागला. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९९५ मध्ये, राज्यातल्या शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची केंद्रं उघडली. बेसन आणि ज्वारी, म्हणजे पुन्हा तीच जुनी जोडी. पण झुणका-भाकरीवर गरिबाच्या जेवणाचा शिक्का बसला होता आणि वाडग्यातल्या पापुद्र्यांवर आधुनिक घराचा.

सोयाबीनचं प्रकरण आणखी निराळं. शंभर ग्रॅमला पस्तीस-चाळीस ग्रॅम प्रथिनं असलेलं हे पीक विदर्भ-मराठवाड्यात झपाट्याने पसरलं. पण ते घरात आलं मुख्यतः तेलाच्या पिशवीतून. प्रथिनं पेंडीत राहिली आणि पेंड गेली कोंबड्यांच्या खाद्यात, नाहीतर परदेशी. ज्या शिवारात सोयाबीन उभं राहतं त्याच गावात सकाळी चहा-बिस्किटं, हे चित्र अजूनही दुर्मीळ नाही.

लक्ष पुन्हा डाळीकडे वळलं ते आधी महागाईमुळे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि वरणाची पातळ धार हा घरोघरचा विषय झाला. पुढचं २०१६ हे साल संयुक्त राष्ट्रांनी कडधान्य वर्ष म्हणून पाळलं. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या दोनदाच जेवण्याच्या सल्ल्याने महाराष्ट्रात असा जोर धरला, की अनेक घरांतली न्याहारीच बंद पडली. ज्यांनी ती चालू ठेवली, त्यांना सकाळी पोटात काय जातंय याचा हिशेब मांडणं भाग पडलं.

तो हिशेब मांडायला आधारही मिळाला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये निरोगी प्रौढासाठी शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. साठ किलोच्या माणसाला हे पन्नासेक ग्रॅम झाले. न्याहारीतून त्यातले बारा-पंधरा मिळाले तर पुढचा दिवस सोपा जातो. एव्हाना दुकानांत ताकापासून बिस्किटापर्यंत सगळ्यांवर ‘प्रोटीन’ची पट्टी झळकू लागली होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मात्र २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्नायू कमावण्यासाठी डब्यातल्या पावडरी टाळायचाच सल्ला दिला.

शाळांमधला गोंधळही याच काळातला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं आणि अंडं न खाणाऱ्या मुलांसाठी केळं. केळं चांगलंच, पण त्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांचा वेगळा निधीही थांबला. अंड्याला तोडीस तोड पर्याय मधल्या काळात, २०२४ च्या नव्या पाककृतींच्या यादीत, येऊन बसला होता: मोड आलेल्या मटकीची उसळ.

घराघरांत जे परत आलं ते असंच, फारसा गाजावाजा न करता. त्यात पहिला मान मुगाच्या धिरड्याचा. हिरवे मूग रात्री भिजत घालायचे, सकाळी मिरची-आलं-जिऱ्याबरोबर वाटायचे आणि थेट तव्यावर पसरायचे. डोशासारखं आंबवणं नाही. पीठ तव्याला धरत असेल तर चमचाभर तांदळाची पिठी. साठ ग्रॅम मुगांच्या दोन-तीन धिरड्यांतून चौदा ग्रॅम प्रथिनं मिळतात. रात्री विसरलं तर सकाळी बेसनाची पोळी आहेच; पन्नास ग्रॅम बेसनाचे दहा ग्रॅम, तेही पंधरा मिनिटांत. कुळथाचं पीठ डब्यात असेल तर पिठलं व्हायला त्याहून कमी वेळ लागतो. डाळं आणि गहू भाजून केलेलं सातूचं पीठ दुधात कालवलं तर शेगडीसुद्धा पेटवावी लागत नाही.

मोडांबद्दल एक गैरसमज मात्र पक्का बसलाय. मोड आल्याने प्रथिनं काही पटींनी वाढत नाहीत. दाणा पाणी पितो, फुगतो, त्यामुळे शंभर ग्रॅम मोडांत शंभर ग्रॅम कोरड्या मटकीपेक्षा प्रथिनं कमीच भरतात. वाढतं ते क जीवनसत्त्व, आणि सुधारते ती पचायची सोय. दोन चमचे मोड कोशिंबिरीवर भुरभुरून काम भागत नाही. पन्नास ग्रॅम कोरड्या मटकीची वाटीभर उसळ खावी लागते, तेव्हा कुठे दहा ग्रॅम होतात.

घरातली सकाळ अशी हळूहळू वळतेय. बचतगटांच्या भाजण्या आणि मेतकूट प्रदर्शनांत हातोहात खपतात. रस्त्यावरची सकाळ मात्र अजून जुन्याच वळणावर आहे: स्टेशनाबाहेरच्या गाडीवर पोहे, उपमा, शिरा, साबुदाणा आणि पाववडा. अपवाद दोन. एक मिसळ, जिच्या तर्रीखाली मटकी खरोखर भरपूर असेल तर. दुसरे नागपूरचे तर्री पोहे, ज्यांत पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा ओततात. तिथे बशी पुढे करताना जुनी गिऱ्हाइकं नुसती तर्री नाही, चणेही जास्त मागून घेतात.