वुजूचे पाणी आणि पर्यावरणाची वही

दहावीच्या निकालपत्रात जलसुरक्षा या विषयापुढे गुण नसतात, श्रेणी असते. म्हणून घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, "त्याचे मार्क कुठे धरतात?" मग दुकानातून तयार प्रकल्प येतो, नाहीतर थोरल्या बहिणीची जुनी वही नवे कव्हर घालून पुन्हा शाळेत येते. पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सांगितले. सक्ती झाली, शिकणे मात्र मागे राहिले. यात दोष फक्त पालकांचा नाही, आम्हा शिक्षकांचाही आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही वर्गाला 'घरातील पाण्याचा हिशेब' हा प्रकल्प दिला होता. बहुतेक वह्या सुबक, रंगीत आणि एकसारख्या होत्या. एका मुलीची वही मात्र भिजून फुगलेली, आकडे पेन्सिलीने लिहिलेले. सुबक वह्यांना आम्ही 'अ' श्रेणी दिली आणि तिला 'ब'. ती टेबलाजवळ आली आणि एवढेच म्हणाली, "टीचर, मी खरंच मोजलंय."

तेव्हा कुठे आम्ही ती वही नीट वाचली. तिने नळाखाली बादली ठेवून वुजू केले होते, पाणी लागले सहा लिटर. मग बधन्याने केले, लागले दीड लिटर. घरात पाच माणसे, पाच वेळची नमाज. म्हणजे दिवसाला नळाने १५० लिटर आणि बधन्याने साडेसदतीस. खाली एक ओळ होती, 'आमच्याकडे टँकर आठवड्यातून दोनदा येतो.'

प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे सुमारे पाऊण लिटर पाण्यात वुजू करीत, अशी हदीस आहे. ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. बादली ठेवून मोजायचे मात्र आम्हाला कधी सुचले नाही. पाहणे, मोजणे, तुलना करणे आणि त्यावरून निष्कर्ष काढणे, विज्ञान यालाच म्हणतात.

आम्ही तिची श्रेणी बदलली. तेव्हापासून स्वतः घेतलेल्या मोजमापाशिवाय आम्ही वही स्वीकारत नाही.

पालकांना विनंती एवढीच, की तयार प्रकल्प विकत आणू नका. मुलांच्या हाती बादली द्या, विजेचे बिल द्या, आठवड्याचा कचरा तोलू द्या. वही थोडी मळेल, मळू द्या.