माणसे आणणे सोपे, टिकवणे अवघड

कॅनडातील कॅलगरी शहराच्या दक्षिणेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर क्लेअर्सहोम हे गाव आहे. 2021च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या 3,800च्या आसपास आहे. कायमस्वरूपी वास्तव्यासाठी उमेदवारांची शिफारस करण्याचा अधिकार केंद्र सरकारने 2019 मध्ये ज्या 11 समुदायांना दिला, त्यांत या गावाचा समावेश होता. टिमिन्स, सडबरी आणि थंडर बे ही उत्तर ऑन्टारियोतील शहरेही त्या यादीत होती. या सर्वांची अडचण एकच होती: काम आहे, पण ते करणारी माणसे नाहीत.

मनुष्यबळाची टंचाई लहान वस्तीला अधिक जाचते. महानगरातील मोठ्या रुग्णालयात एक परिचारिका कमी पडली, तर तिचा भार इतरांमध्ये वाटला जातो. लहान गावातील वृद्धाश्रमातून दोघी निघून गेल्या, तर खाटा रिकाम्या असूनही नव्या वृद्धांना प्रवेश देणे कठीण होते. गावातील एकमेव मेकॅनिक निवृत्त झाला की शेतकरी दुरुस्तीसाठी शेजारच्या गावी जातो आणि येताना वाणसामानही तेथूनच आणतो. शिक्षणासाठी बाहेर पडलेले तरुण परतत नाहीत. मागे उरलेल्यांचे वय वाढत जाते आणि शुश्रूषेची गरजही वाढते. कोकणातील कुलूपबंद घरे पाहिलेल्या वाचकांना हे चित्र अनोळखी नाही.

स्थलांतराच्या प्रचलित मार्गांनी हा प्रश्न सुटत नव्हता. गुणांवर आधारलेल्या पद्धतीतून उच्चशिक्षित माणसे देशात येत, परंतु त्यांतील बहुतेक जण मोठ्या शहरांतच स्थिरावत. तात्पुरत्या परवान्यावर आलेला कामगार गावात पोहोचे खरा, पण परवान्याची मुदत संपताच त्याचे भवितव्य अधांतरी राही. 2019च्या प्रायोगिक योजनेने या दोन टोकांमधील मार्ग काढला. स्थानिक उद्योगाने नोकरी द्यायची, गावाच्या आर्थिक विकास संस्थेने उमेदवाराची शिफारस करायची आणि अंतिम निर्णय केंद्राने घ्यायचा, अशी तिची रचना होती.

ती योजना ऑगस्ट 2024 मध्ये बंद झाली. जानेवारी 2025 मध्ये तिच्या धर्तीवरील नवी ग्रामीण योजना 14 समुदायांसाठी सुरू झाली. आता नोकरी देणाऱ्या उद्योगाला आधी समुदायाची मान्यता घ्यावी लागते. कोणत्या क्षेत्रांना आणि व्यवसायांना प्राधान्य द्यायचे, हेही समुदायच ठरवतो. नोकरी पूर्णवेळ व कायम स्वरूपाची असावी लागते. उमेदवाराला भाषेची परीक्षाही द्यावी लागते आणि साधारणपणे एक वर्षाचा संबंधित अनुभव दाखवावा लागतो.

तरीही एक पेच उरतोच. कॅनडाच्या हक्कसंहितेतील सहाव्या कलमाने कायमस्वरूपी रहिवाशाला कोणत्याही प्रांतात राहण्याचे आणि उपजीविका करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. गाव उमेदवाराला येथे राहण्याचा इरादा विचारू शकते, पण त्याला बांधून ठेवू शकत नाही, आणि तसे करणे न्याय्यही ठरणार नाही. म्हणूनच योजनेची खरी कसोटी शिफारशीनंतर सुरू होते. भाड्याने घर मिळते का? जोडीदाराला त्याच्या शिक्षणाला साजेसे काम आहे का? पाळणाघरात जागा आहे का? बसची सोय नसलेल्या गावात, बर्फाच्या दिवसांत, गाडी नसलेल्या माणसाने कामावर कसे पोहोचायचे? या प्रश्नांना उत्तरे नसतील, तर आणलेले कुटुंब दोन वर्षांत टोरंटोची वाट धरते आणि गाव पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

गावाच्या या गरजेवर दलालांचीही नजर असते. पैसे घेऊन नोकरीचे पत्र ‘मिळवून देणारे’ मध्यस्थ भारतातही आहेत आणि कॅनडातही. अर्जात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास अर्जदाराला पाच वर्षे कॅनडाचे दरवाजे बंद होतात. त्या काळात दलाल मात्र दुसरे गिऱ्हाईक शोधतो. त्यामुळे मायदेशातील भाच्याने किंवा पुतण्याने सल्ला विचारला, तर पहिली चौकशी नोकरी देणारा उद्योग समुदायाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, याची असावी. दुसरी चौकशी त्याने स्वतःकडेच करायची आहे: वास्तव्याचा परवाना हाती आल्यानंतरही आपण त्या गावात राहू का? गावालाही त्याच्याकडून नेमके हेच जाणून घ्यायचे असते.