सासरचे एक एकर

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार-पाच मिनिटे होती. गणपती विसर्जन उरकून गावे झोपली होती. तेवढ्यात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याची जमीन हादरली. किल्लारीचे नाव जगभर गेले. लोहारा तालुक्यातले सास्तूरही त्याच पहाटे ढिगारा झाले. हजारो माणसे गेली, ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. आणि याच ढिगाऱ्यातून, कोणी ठरवले नसताना, मराठवाड्यातल्या बायकांची एक चळवळ उभी राहिली.

माणसे मारली ती घरांनी. दोन-तीन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे थर चढवत नेलेले जड माळवद. भिंतीची आतली आणि बाहेरची बाजू जोडणारे आरपार दगड नाहीत, कोपऱ्यांना बांधणी नाही. हादरा बसताच भिंत फुगून फुटायची आणि माळवद अंगावर यायचे. ५२ गावांखेरीज ज्यांची पडझड झाली, ती दोन लाखांच्या आसपास घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती. जागतिक बँकेच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमात पैसा सरकारचा आणि काम घरमालकाचे, अशी रीत ठरली. पण भिंतीत आरपार दगड का घालायचा, माळवदावरची माती का उतरवायची, हे घरोघरी सांगणार कोण?

त्यासाठी गावोगाव ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या, त्या गावातल्याच बायका. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने त्यांची साखळी बांधली. ज्यांना चावडीपुढून जाताना पदर सावरून मान खाली घालावी लागे, त्या आता अभियंत्याला प्रश्न विचारू लागल्या, गवंड्याच्या कामावर नजर ठेवू लागल्या, ग्रामसभेत हिशेब मागू लागल्या. घर बायकोने सारवायचे आणि नवऱ्याने बांधायचे, या जुन्या वाटणीला इथे पहिला तडा गेला. २००१मध्ये भूजला भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातल्या या अनुभवी बायका गुजरातच्या बायकांना वाट दाखवायला गेल्या.

घरे उभी राहिली, पण बायका पुन्हा घरात गेल्या नाहीत. महिला मंडळांचे बचत गट झाले, गटांचे जाळे झाले. मग २०१२पासून दुष्काळाने पाठ धरली. रान सोयाबीनने व्यापलेले, पाऊस दगा देणारा, पीक गेले की घरात पैसाही नाही आणि ताटात भाजीही नाही. पेरणी, खुरपणी, काढणी बाईची. काय पेरायचे हे मात्र पुरुष ठरवणार. यावर बायकांनी मागणी केली ती साधी होती: सगळी जमीन नको, एक एकर द्या, नाहीतर अर्धा एकर तरी द्या. त्या तुकड्यात ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, पालेभाज्या आणि वेल असे मिश्र पीक, शेणखत, गांडूळखत, घरचे बी. एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागते. आधी घरचे ताट भरते, उरलेले बाजारात जाते. हेच ‘एक एकर मॉडेल’. २०१६मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे या चळवळीच्या अग्रणी; त्यांच्या आयुष्यावर चित्रकथाही निघाली आहे.

या मागणीतले खरे नवल कायदा पाहिल्यावर कळते. महाराष्ट्राने १९९४मध्ये, देशाच्या ११ वर्षे आधी, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा दिला. पण तो वाटा माहेरचा, आणि भावाशी नाते तुटू नये म्हणून बहिणी तिथे हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या होतात. बाई जन्मभर राबते ती सासरच्या रानात. तिथे नवरा आणि सासरा हयात असेपर्यंत सातबाऱ्यावर तिचे नाव लागेल असे कायदा सांगत नाही. शेतकरी संघटनेने हे दुखणे आधीच ओळखले होते. १९८६च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर शरद जोशी यांनी ‘लक्ष्मीमुक्ती’ची हाक दिली, आणि अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. तिथे देणारा पुरुष होता. धाराशिवमध्ये मागणारी बाई आहे.

दूर मोरोक्कोतही असेच घडले. तिथे टोळ्यांच्या सामूहिक जमिनींच्या यादीत फक्त पुरुषांची नावे. जमीन विकली की भरपाईही पुरुषांनाच. २००७पासून ‘सुलालियात’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या, आणि २०१९च्या कायद्याने त्यांना पुरुषांइतका हक्क मिळाला. अरब जगातली स्त्री-चळवळ म्हटले की इजिप्तच्या हुदा शारावी आठवतात. १९२३मध्ये रोमच्या परिषदेहून परतताना कैरोच्या रेल्वे स्थानकावर त्यांनी चेहऱ्यावरचा बुरखा दूर केला. त्यांच्या मागणीचे केंद्र शिक्षण, विवाहाचे कायदे आणि मतदान हे होते. सुलालियात बायकांची भाषा आपल्या ओळखीची आहे. ती मोजणीची, हिश्श्याची, बांधाची भाषा आहे.

मोरोक्कोच्या बायकांनी कायदा बदलून घेतला. धाराशिवच्या बायकांनी आधी पीक बदलले. काय पेरायचे, काय विकायचे हे त्या एकरात आता बाई ठरवते. तलाठ्याच्या दफ्तरात मात्र ते एकर बहुतेक ठिकाणी अजून नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्याच नावावर आहे. पेरणी तिची झाली. फेरफार राहिला आहे.