दाबपात्रांतील अनुज्ञेय प्रतिबल व त्यामागील सिद्धांत

दाबपात्राच्या भिंतीची जाडी ठरविताना अभियंता संहितेतून 'अनुज्ञेय प्रतिबल' हा आकडा घेतो. हा आकडा केवळ धातूचा गुणधर्म नव्हे. धातू केव्हा निकामी होतो यासंबंधीचा एक सिद्धांत आणि एक सुरक्षा गुणांक यांच्याशी तो निगडित असतो.

अशा संहितांची गरज अपघातांनी पटविली. १९०५ साली अमेरिकेतील ब्रॉक्टन येथे पादत्राणांच्या कारखान्यातील बाष्पित्राचा स्फोट होऊन ५८ माणसे मृत्युमुखी पडली. पुढे अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेने बाष्पित्र-संहिता सिद्ध केली. तिची पहिली आवृत्ती १९१४ ची होय.

प्रयोगशाळेत धातूची कांब एकाच दिशेने ताणून तपासतात. पात्राच्या भिंतीत मात्र तीन परस्परलंब दिशांनी प्रतिबले असतात. त्यांची तुलना त्या एका कसोटीशी कशी करावी, हा खरा प्रश्न होय. रँकिनच्या मते सर्वांत मोठे प्रधान प्रतिबल निर्णायक असते. ट्रेस्काने (१८६४) सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान प्रधान प्रतिबलांतील अंतर निर्णायक मानले. फॉन मिझेसच्या (१९१३) निकषात तिन्ही अंतरांचा एकत्र विचार होतो. तन्य पोलादाच्या प्रयोगांशी तोच अधिक जुळतो.

पातळ भिंतीत रँकिन व ट्रेस्का यांची उत्तरे जवळजवळ सारखी येतात. जाड भिंतीत ती दुरावतात. बाह्य त्रिज्या आंतरत्रिज्येच्या दुप्पट असलेले, दोन्ही टोके बंद असलेले नळकांडे घ्या. आतील दाब १०० एकक असता आतल्या पृष्ठभागी परिघीय ताण सुमारे १६७, अक्षीय ताण ३३ आणि त्रिज्यीय संपीडन १०० असते. म्हणजे रँकिनचे उत्तर १६७, ट्रेस्काचे २६७ आणि मिझेसचे २३१. येथे रँकिनचा सिद्धांत धोका कमी दाखवितो, हे उघड आहे.

अमेरिकन संहितेच्या आठव्या विभागातील पहिला भाग रँकिनच्या सोप्या मार्गाने जातो व मोठ्या गुणांकाने त्याची भरपाई करतो. अंतिम ताणबलावरील हा गुणांक पूर्वी ४ होता. १९९९ पासून तो ३.५ आहे. १९६८ च्या दुसऱ्या भागाने ट्रेस्काचा निकष व ३ हा गुणांक स्वीकारला; २००७ च्या नव्या मांडणीत मिझेसचा निकष व २.४ हा गुणांक आला. ही सवलत अधिक सूक्ष्म विश्लेषण व कडक तपासणी यांच्या अटीवरच मिळते.

म्हणून दुसऱ्या भागातील अनुज्ञेय प्रतिबल घेऊन पहिल्या भागाच्या सूत्राने जाडी काढणे ही काटकसर नव्हे. त्यात सुरक्षिततेचाच बळी जातो.